हृदय कमजोर असताना झोपेत श्वास मध्येच का थांबतो?

ठाण्यात राहणाऱ्या आपल्या वडिलांचे हृदय कमजोर असून, झोपेत त्यांचा श्वास चढत जातो, उतरतो आणि काही सेकंद थांबतो, याचे कारण आपण विचारले आहे. मानेतील मुख्य धमनी जिथे दुभंगते, तिथे तांदळाच्या दाण्याएवढी कॅरोटिड बॉडी असते. रक्तातला ऑक्सिजन घटला की ती मेंदूला श्वास वाढवण्याचा इशारा देते; या प्रतिक्षिप्त क्रियेवरील संशोधनासाठी बेल्जियमचे शास्त्रज्ञ हेमान्स यांना १९३८ चे नोबेल मिळाले. हृदय कमजोर झाल्यावर ही यंत्रणा अतिसंवेदनशील होते, गरजेपेक्षा जोरात श्वास घेतला जाऊन कार्बन डायऑक्साइड फार घटतो आणि श्वास थांबतो. त्यातच रक्त संथ फिरत असल्याने मेंदूला खबर उशिरा लागते व हा झोका चालूच राहतो. शिवाय दर झोक्याला रक्तवाहिन्या आकसतात, ठोके वाढतात, म्हणजे दमलेल्या हृदयावरच बोजा पडतो. मिनिटाला सहाच्या आसपास सावकाश श्वास घेण्याने ही अतिसंवेदनशीलता काहीशी शमते, मात्र औषधांना तो पर्याय नव्हे. पाच मिनिटांचे मोबाइल चित्रण हृदयरोगतज्ज्ञांना दाखवावे आणि श्वासाचे यंत्र परस्पर भाड्याने आणू नये, कारण अशा रुग्णांना त्यातील एक प्रकार अपायकारक ठरला आहे.