कूलरचं पाणी, कपाशीचा पंप अन् घरची भाजी

नमस्कार मंडळी, मृग तोंडावर आला अन् घरच्या भाजीबद्दल प्रश्न सुरू झाले, त्यातले तीन असे आहेत की उत्तर बऱ्याच जणांच्या कामी येईल म्हणून इथं लिहून देतो.

पहिला प्रश्न नागपूरच्या बेसा भागातल्या एका ताईंचा. गच्चीवर १५-२० कुंड्या आहेत, शेणखत घातलं, पाणी रोज देतात, तरी सांभार (कोथिंबीर) उगवत नाही अन् वांग्याची पानं कडेकडेनं जळून राहिली. ताई, तुमच्या फोटोत मातीवर पांढरा थर दिसतो, म्हणून मी विचारलं पाणी कोणतं देता, तर तुम्ही म्हणालात कूलरच्या टाकीतलं, वाया कशाला घालवायचं. गडबड तिथंच आहे. कूलरमधलं पाणी उडून जातं पण क्षार टाकीतच राहतात, आपण वरून पुन्हा भरतो, पुन्हा क्षार वाढतात, बोअरचं पाणी असलं तर विचारूच नका. कूलरच्या जाळीवर खडूसारखं पांढरं बसतं ना, तेच तुमच्या कुंडीत उतरलं. खात्री करायची असेल तर ताटलीत थोडं ते पाणी उन्हात ठेवा, वाळल्यावर काय उरतं ते स्वतःच बघा.

आता करायचं काय, तर वरची बोटभर माती खरवडून फेका अन् नळाचं साधं पाणी खालच्या भोकातून भरपूर निघून जाईल इतकं द्या, दोन-तीन दिवसांनी पुन्हा तसंच. खालचं भोक बुजलेलं असेल तर आधी ते मोकळं करा. माती नुसती काळी आहे असं दिसतं, ती वाळली की दगड होते अन् पावसात चिखल, त्यामुळे पुढच्या वेळी एक भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत अन् एक भाग रेती किंवा कोकोपीट असं भरा, वरून वाळल्या पाल्याचा थर द्या म्हणजे मुळं भाजत नाहीत.

सांभार उगवला नाही यात मात्र तुमची चूक नाही. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, त्यात धने रुजतच नाहीत. ऑक्टोबरात धने हलके रगडून दोन फाकी करा, रात्रभर भिजवा अन् मग पेरा, थंडीत पुडाच्या वड्या घरच्या सांभाराच्या होतील. टमाटरचंही तसंच, दिवसा ३५ च्या वर गेलं की फुलं गळतात, औषधं मारत बसू नका. आता पाऊस पडला की अंबाडी, लाल माठ, भेंडी, चवळी लावा. अंबाडीचा कोवळा पाला खुडून ज्वारीच्या कण्या घालून शिजवा, वरून लसणाची फोडणी, बाजारच्या कोमेजलेल्या जुडीला ती चव येत नाही.

दुसरा प्रश्न कळमेश्वरकडच्या एका शेतकरी दादांचा. वावरात संत्रा अन् कपाशी आहे, भाजी मात्र बाजारातून येते, आता घरामागं भेंडी-वांगी लावायची आहेत, तर कपाशीचं औषध पंपात उरलं तर तेच मारलं तर चालेल का. दादा, अजिबात नाही. कपाशीची बोंडं आपण तोडून खात नाही, भेंडी तर एक दिवसाआड तोडून लेकराच्या ताटात जाते. मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक भाजीपाल्यावर वापरायला २००५ पासून बंदी आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन शेतकरी गेले, ते आपण विसरायचं नाही. शक्य असेल तर परसबागेसाठी पंपही वेगळा ठेवा.

मावा-तुडतुड्यासाठी निंबोळी अर्क करा. आता जून-जुलैत कडुनिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो, त्या वेचा, गर धुऊन बिया सावलीत वाळवा. ५० ग्रॅम बियांची भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्यानं गाळा, चिमूटभर साबण टाका अन् संध्याकाळी फवारा, कडक उन्हात त्याचा जोर जातो. भेंडीची पानं शिरांपासून पिवळी पडली असतील तर तो हळद्या रोग आहे, तिथं अर्क काही करत नाही, झाड सरळ उपटून टाका म्हणजे पांढरी माशी तो बाकीच्यांवर नेणार नाही.

तिसरा प्रश्न मानेवाड्याच्या काकांचा, चौथ्या मजल्यावर दोडक्याचा वेल आहे, फुलं खूप पण फळ नाही. काका, एवढ्या वर मधमाश्या कमी येतात. ज्या फुलामागं बारीक दोडका दिसतो ते मादी फूल, नुसत्या देठावरचं नर. दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, तेव्हा नर फूल तोडून पाकळ्या काढा अन् मधला पिवळा भाग मादी फुलात हळूच फिरवा. दोन-तीन दिवसांत फळ फुगलं तर धरलं समजा, पिवळं पडलं तर दुसऱ्या फुलाला करा. दोडके कोवळे असतानाच तोडा, जून होऊ दिले की वेल पुढची फळं कमी धरतो, अन् सोलताना निघालेल्या शिरा फेकू नका, तीळ घालून चटणी करा.