बायकोच्या मागोमाग अमेरिकेला येणाऱ्या क्रीडा बातमीदाराला

तू लिहिलंस की बायकोला न्यू जर्सीत नोकरी लागली आहे, चार महिन्यांनी निघायचंय, कोल्हापुरात नऊ वर्षं क्रीडा बातमीदारी झाली आहे. आणि मग विचारलंस, तिकडे येऊन त्या अमेरिकन क्रीडा बातमीदार रॉजर कानसारखं बेसबॉलवर पुस्तक लिहिता येईल का? शेवटी नुसतं 'दादा, खरं सांगा'. ते वाचल्यापासून दोन रात्री मला धड झोप नाही. मीही कोल्हापूरचा, मीही क्रीडा पानावरचा, आणि २०११ साली मीही असाच बायकोच्या मागून एच-४ वर, म्हणजे नोकरीवाल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर आलो.

व्हिसाचे फॉर्म, फी, मुलाखत हे सगळं सरकारी साइटवर आहे, तिथेच वाच. एच-४ वर कमावता येत नाही हेही तुला माहीत असेल. जिच्या जिवावर आपण आलो तिच्या ग्रीन कार्डासाठी कंपनीने भरलेला आय-१४० हा अर्ज मंजूर झाला की वर्क परमिट मागता येतं, पण हा नियम २०१५ चा. मी आलो तेव्हा तो नव्हता. आमच्या वकिलाने सांगितलं, इथे बसून कोल्हापूरच्या पेपरचं मानधनसुद्धा घेऊ नका. मी मानधन सोडलं, आणि त्याबरोबर लिहिणंच सोडून दिलं. वहीत लिहायला मला कोणी बंदी केली नव्हती. पण छापून येणार नसेल तर लिहायचं कशाला, ही पेपरवाल्याची सवय अंगात मुरलेली. पाच वर्षं त्यात गेली. याचा दोष मी कोणाला देत नाही, फक्त तुझ्या बाबतीत तसं होऊ नये एवढंच वाटतं.

आणि नाव. पासपोर्टात वडिलांचं नाव स्वतःच्या नावाला जोडून असेल तर निघण्याआधीच बघून घे. लायसन काढताना खिडकीमागच्या बाईंनी माझं आणि वडिलांचं नाव एकत्र करून मधेच तोडलं. पुढे बँकेत एक नाव, विम्यात दुसरं, भाडेकरारावर तिसरं. दुरुस्तीला तीन खेपा घातल्या, प्रत्येक वेळी एक कागद कमी निघाला. वडील तेव्हा नुकतेच गेले होते. कार्डावर त्यांचं अर्धं नाव बघून मला त्या पार्किंगमध्ये रडू आलं.

आता कानबद्दल. तू त्याचं पुस्तक वाचलंयस, पण त्या पुस्तकामागची वर्षं मोजली आहेस का? माणूस जन्मला न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये, १९२७ साली. बेसबॉलचं वेड वडिलांकडून आलेलं. १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या 'हेराल्ड ट्रिब्यून' या पेपरात लागला तो कॉपी बॉय म्हणून, म्हणजे या टेबलावरचे कागद त्या टेबलावर नेणारा पोऱ्या. १९५२ मध्ये, चोविसाव्या वर्षी, त्याला बातम्या द्यायला ब्रुकलिन डॉजर्स हा बेसबॉल संघ मिळाला. तेव्हा हंगामात १५४ सामने असत आणि बातमीदार संघाबरोबरच फिरे. कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सन याच संघात होता. १९४७ मध्ये त्याने गोऱ्यांच्या मेजर लीगचं दार उघडलं, तरी पाच वर्षांनंतरही मैदानावर त्याला शिव्या पडत. कानने ते लिहिलं की डेस्कवरून निरोप यायचा, तू खेळाचं लिही. हे वाचताना तुझ्याही डोळ्यांसमोर कुठली तरी न छापलेली बातमी येईल. माझ्या आली.

संघाबरोबर तो किती राहिला? १९५२ आणि १९५३, दोनच हंगाम. दोन्ही वेळा अंतिम मालिकेत डॉजर्स यांकीजकडून हरले. नंतर तो मासिकांत, साप्ताहिकांत काम करत राहिला. डॉजर्स १९५७ नंतर लॉस एंजेलिसला निघून गेले, १९६० मध्ये त्यांचं ब्रुकलिनमधलं मैदान, एबेट्स फील्ड, पाडलं. आणि त्याचं ते पुस्तक, 'द बॉईज ऑफ समर', आलं १९७२ मध्ये. तेव्हा कान ४४ वर्षांचा होता.

मधल्या काळात त्याने काय केलं, तर तो त्या खेळाडूंच्या दारी गेला. १९५३ मध्ये फलंदाजीत .३४४ च्या सरासरीने लीगमध्ये पहिला आलेला कार्ल फुरिलो त्याला सापडला वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या बांधकामावर, लिफ्ट बसवताना. तिसऱ्या बेसवरचा बिली कॉक्स पेनसिल्व्हेनियातल्या आपल्या गावी बारमध्ये ग्लास भरत होता. यष्टिरक्षकासारखं काम करणारा कॅचर रॉय कॅम्पनेला १९५८ च्या मोटार अपघातापासून चाकाच्या खुर्चीत होता. पिचर कार्ल अर्स्किन इंडियानात, डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलाला वाढवत. हे सगळे त्याच्याशी मोकळे बोलले, कारण तो त्यांना तरुणपणापासून ओळखत होता.

हे पुस्तक मला दिलं आमच्या शेजारच्या म्हाताऱ्याने. तो ब्रुकलिनचा, डॉजर्स गेले तेव्हा अकरा वर्षांचा होता. अजून त्या गोष्टीवर बोलताना त्याचा आवाज चढतो. बेसबॉलचा स्कोअर मांडायला त्यानेच मला शिकवलं. मैदानातल्या प्रत्येक जागेला एक आकडा: पिचर १, कॅचर २, शॉर्टस्टॉप ६, उजवीकडचा फिल्डर ९. शॉर्टस्टॉपने सेकंड बेसवाल्याकडे आणि त्याने फर्स्ट बेसवाल्याकडे चेंडू टाकून दोघे बाद केले की लिहायचं ६-४-३. तीन आकड्यांत अख्खी धावपळ. मला तेव्हा कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानातली माझी वही आठवली. मीही डावांच्या खुणा करायचो, ढाकला ढ, घिस्स्याला घ.

एका रविवारी हेराल्ड स्क्वेअरला क्यू गाडी पकडून मी प्रॉस्पेक्ट पार्कला उतरलो आणि एबेट्स फील्डची जागा बघायला गेलो. तिथे आता विटांच्या उंच इमारती आहेत. बेडफर्ड अॅव्हेन्यूवर मी उभा राहिलो, जिथे फुरिलोच्या पाठीमागची भिंत होती. एक बाई कपड्यांची ट्रॉली ओढत गेल्या. बाकी काही घडलं नाही. पण परतीच्या गाडीत मला लख्ख कळलं की हे पुस्तक लिहिणारा माणूस मी कधीच नव्हतो. मला डॉजर्स कोणी सांगितले? शेजाऱ्याने. मला लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेला फुरिलो माहीत नाही. मला माहीत आहे तो साखर कारखान्यावर वॉचमन झालेला पैलवान, ज्याने एके काळी खासबागेत चांदीची गदा उचलली होती.

१९५२ म्हटलं की इथल्यांना डॉजर्स आठवतील. आपल्याला हेलसिंकी आठवतं, खाशाबा जाधवांचं ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या बरोबरीने लाल मातीत लढलेली माणसं मी १९९८ ते २०१० या काळात भेटलो होतो. चौदा वह्या भरल्या होत्या. त्या आईच्या घरी माळ्यावर, पत्र्याच्या ट्रंकेत ठेवून आलो. २०१८ मध्ये घर विकलं तेव्हा ट्रंक रद्दीत गेली. भावाने फोनवर सहज सांगितलं. त्याची चूक नाही. मी कधी त्याला सांगितलंच नव्हतं त्यात काय आहे.

मुलगी चार वर्षांची आहे असं लिहिलंयस, म्हणून हेही सांगतो. शाळेच्या फॉर्मवर विचारतात, घरी कोणती भाषा बोलता. मी अभिमानाने 'मराठी' लिहिलं. मुलगी सहा वर्षांची, इंग्रजी तिला बऱ्यापैकी येत होतं. तरी तिला ईएसएलमध्ये, म्हणजे इंग्रजी ही घरची भाषा नसलेल्या मुलांच्या इंग्रजीच्या वर्गात घातलं. रोज वर्ग गोष्टी वाचायला बसला की तिला हात धरून दुसऱ्या खोलीत न्यायचे. बाहेर पडायची परीक्षा वर्षातून एकदा, त्यामुळे दीड वर्ष गेलं. शिक्षिका प्रेमळ होत्या, पण फॉर्मपुढे त्यांचंही चालेना. एका संध्याकाळी पोर म्हणाली, "बाबा, फॉर्मवर इंग्लिश लिही ना." त्यानंतर ती घरी मराठीत उत्तर देईनाशी झाली. आज ती कॉलेजात आहे, मला समजतं सगळं म्हणते, पण बोलत नाही. त्या फॉर्मवर मी काय लिहायला हवं होतं, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. तू फॉर्म भरण्याआधी शाळेत जाऊन मुलीची आधी चाचणी घ्या म्हणून सांग. मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

एकटेपणाचं विचारलंस. असतो. पहिला हिवाळा जड जातो, मग शेजार होतो, भाजीवाला ओळखीचा होतो. त्यावर फार विचार करू नकोस.

आता मी इथल्या वाचनालयात काम करतो. पुस्तकं लावताना ७९६.३५७ हा आकडा बेसबॉलचा, तिथे कान आहे. ७९६.८१२ कुस्तीचा. तिथे कोल्हापूरचं एकही पुस्तक नाही. रोज त्या कप्प्यासमोरून जातो.

बेसबॉल तू इथे येऊन शीक, गोडी लागेल असा खेळ आहे. वीसेक वर्षांनी लिहिशीलही. पण तुझ्याकडे आत्ता चार महिने आहेत, आणि तू कोल्हापुरात आहेस. सामानात वह्या घे, एकही माळ्यावर ठेवू नकोस, सगळ्यांचे फोटो काढून ठेव. आणि माझं एक काम कर. मी म्हटलं ते पैलवान गंगावेशीच्या बाजूला राहतात. तालमीत विचारलंस तर कोणीही घर दाखवेल. असतील तर नव्वदीला टेकले असतील. त्यांना गदेबद्दल विचारू नकोस, ती कथा सगळ्यांना येते. कारखान्याच्या गेटवर पहिली रात्रपाळी केली त्या दिवसाचं विचार. मला ते विचारायचं राहून गेलं. चारनंतर जा, दुपारी ते झोपतात. डाव्या कानाने ऐकू येत नाही, उजव्या बाजूला बस.