दस्तुरखुद्द सहीची नोट

प्रश्न असा आहे: १९४०-५०च्या सुमाराच्या ज्या नोटांवर कुणी प्रत्यक्ष पेनाने सही केलेली असते, त्यांना संग्राहकांनी ‘हस्ताक्षरित नोटा’ म्हणावं का?

मुळीच नाही. हस्ताक्षर म्हणजे सही, हे हिंदीत. मराठीत हस्ताक्षर म्हणजे अक्षराचं वळण; शाळेत त्याच्या स्पर्धा होतात. बातम्यांत ‘करारावर हस्ताक्षर केले’ ऐकून कान किटले आहेत.

नुसतं ‘सहीची नोट’ म्हणूनही भागत नाही. सही म्हणजे अरबी ‘सहीह’, बरोबर, खरं. माझ्या मते ती आधी कागद मंजूर असल्याची खूण; नाव लिहिण्याचा अर्थ मागाहून चिकटला. म्हणून छापली तरी सही ती सहीच. रिझर्व्ह बँकेच्या १९३८च्या पहिल्या नोटांवर तेव्हाचे गव्हर्नर टेलर यांची, पुढे चिंतामणराव देशमुखांची, साऱ्या छापील. (१९४९च्या एक रुपयाच्या नोटेवर मेनन यांची सही आहे, ती वित्त सचिव म्हणून. तिला गव्हर्नरची म्हणणारे अजून भेटतात!)

खरा शब्द आपल्याकडे पडून आहे: दस्तुरखुद्द. आज आपण ‘दस्तुरखुद्द मंत्री आले’ म्हणतो आणि त्याचा अर्थ ‘जातीने’ एवढाच धरतो. जुन्या कागदांत दस्तुर म्हणजे हातचं अक्षर. दस्तुरखुद्द म्हणजे स्वतःच्या हाताने लिहिलेलं. काही जण हा दस्तुर रिवाजवाल्या ‘दस्तूर’शी जोडतात. जोडोत बापडे! मला त्यात फारसी ‘दस्त’, म्हणजे हात, स्पष्ट दिसतो. आणि हा दस्त आपल्या संस्कृत ‘हस्त’चा सख्खा भाऊ. त्याला परका म्हणून हाकलणाऱ्या शुद्धिवाद्यांनी आधी हे नातं तपासावं. कोशवाले सही, स्वाक्षरी, दस्तखत एका ओळीत समानार्थी म्हणून बसवतात. त्यांनी अशी नोट उजेडात तिरकी धरून पाहिलेली नसावी. शाई कागदाच्या तंतूंत फुटलेली असते, दाब पडला असेल तर मागच्या बाजूला बोटाला वळ लागतो. छापील सही त्या मालिकेच्या प्रत्येक नोटेवर हुबेहूब तीच.

तेव्हा ‘दस्तुरखुद्द सहीची नोट’ म्हणा. दुसऱ्या महायुद्धात वैमानिक आणि सहप्रवासी एकमेकांच्या नोटांवर सह्या करत, त्या नोटांना मात्र ‘शॉर्ट स्नॉर्टर’च राहू द्या. स्नॉर्ट म्हणजे दारूचा घोट. मागितल्यावर नोट दाखवता आली नाही, तर बाकीच्यांना पाजावी लागे.