एकच स्टेडियम, दोन खेळ

प्रश्न: जुनं स्टेडियम पाडून फुटबॉल आणि अ‍ॅथलेटिक्स दोन्हीसाठी एकच बांधायचं म्हटलं की नेते लगेच भांडतात, असं का हो?

उत्तर: सगळा घोळ ट्रॅकचा! ४०० मीटरचा ट्रॅक मधे आला की फुटबॉलचा प्रेक्षक मैदानापासून लांब पडतो, जर्सीवरचा नंबरसुद्धा धड दिसत नाही, मग फुटबॉलच्या वेळी ट्रॅकवरून पुढे आणायच्या सरकत्या खुर्च्या आल्या आणि त्या हलवायचा खर्च दरवर्षी. लंडनचं २०१२ चं ऑलिम्पिक स्टेडियम बघा ना, २०१६ ला वेस्ट हॅम हा फुटबॉल क्लब तिथे भाड्याने आला, ट्रॅकही ठेवला, आणि खुर्च्यांचं बिल पब्लिकने का भरायचं यावर बरंच वाजलं. मेलबर्नला क्रिकेट आणि ऑस्ट्रेलियन फुटबॉल मात्र एकाच मैदानावर मस्त नांदतात, तिथे खेळपट्टी बाहेर बनवून आणून बसवतात. पण भाषणात खुर्च्या हलवायचा खर्च कोण सांगतंय, सगळे फक्त डिझाइनचे फोटो दाखवतात.