सिगारेट सोडल्यावर फुप्फुसातल्या डीएनएचं मेथिलेशन पूर्ववत होतं का?

तुमच्या वडिलांनी आठ वर्षांपूर्वी सिगारेट सोडली आणि धुरामुळे डीएनएवर पडलेले डाग, म्हणजे मेथिलेशनमधले बदल, आता पुसले गेले असतील का, असं तुम्ही विचारलंय. रक्तातले तरी बरेचसे पुसले गेले असणार. सगळे नाही. मी रेण्वीय जीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे जरा खोलात जाऊन सांगतो.

डीएनएच्या अक्षरांत जिथे सायटोसिनला लागून ग्वानिन असतं, तिथे पेशी सायटोसिनवर मेथिल गट हा छोटा रासायनिक तुकडा बसवते. यालाच मेथिलेशन म्हणतात. अक्षरं बदलत नाहीत. पण जनुकाच्या सुरुवातीला असे गट दाटले की ते जनुक सहसा बंद पडतं. धुरामुळे मेथिल गट वाढतातच असा समज आहे, तो अर्धाच खरा. काही ठिकाणी ते उलट गळून पडतात, आणि धूम्रपानाची सगळ्यात ठळक खूण अशीच आहे: एएचआरआर या जनुकावरचं मेथिलेशन रक्तातही घटतं आणि फुप्फुसातही.

याचं कारण धुरातच आहे. बेन्झोपायरीनसारखी संयुगं पेशीतल्या एएचआर नावाच्या ग्राहीला, म्हणजे अशी रसायनं ओळखणाऱ्या प्रथिनाला, जाऊन चिकटतात. तो जागा झाला की ही संयुगं मोडणारी विकरं तयार होतात, आणि त्याला आवर घालणारं एएचआरआरही जास्त बनू लागतं. घात असा की त्याच विकरांच्या हातून बेन्झोपायरीनचं आणखी घातक रूप बनतं आणि ते ग्वानिनला चिकटतं. त्यातही मेथिल गट असलेल्या सायटोसिनशेजारचं ग्वानिन त्याला जास्त सापडतं. पी५३ या गाठी रोखणाऱ्या जनुकात धूम्रपान करणाऱ्यांची उत्परिवर्तनं, म्हणजे अक्षरांतले कायमचे बदल, वारंवार दिसतात, त्यातल्या बऱ्याच जागा नेमक्या याच आहेत. मेथिलेशन आणि उत्परिवर्तन या दोन वेगळ्या गोष्टी म्हणून शिकवल्या जातात. इथे त्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

दुसरीकडे पी१६सारखी पेशीविभाजनाला लगाम घालणारी जनुकं मेथिल गट वाढून बंद पडतात. काही रुग्णांच्या थुंकीत ही खूण कर्करोगाचं निदान होण्याच्या तीन वर्षं आधी सापडली होती. २०१७ साली जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी श्वासनलिकेच्या पेशी पंधरा महिने धुराच्या अर्कात वाढवल्या. त्यांचं मेथिलेशन हळूहळू इतकं बदललं की नंतर केआरएएस जनुकातलं एकच उत्परिवर्तन त्यांना कर्करोगाकडे न्यायला पुरलं. माझ्या मते धूर वर्षानुवर्षं काय करतो हे याहून स्पष्ट कुठे दिसत नाही.

आता सोडल्यानंतरचं. २०१६ साली सुमारे सोळा हजार लोकांच्या रक्ताची माहिती एकत्र तपासली गेली. बदललेल्या बहुतेक जागा पाच वर्षांच्या आत कधीच सिगारेट न ओढलेल्यांच्या पातळीवर आल्या होत्या. काही मात्र तीस वर्षांनीही आल्या नव्हत्या. हे रक्तातलं आहे, फुप्फुसातल्या पेशींना ते जसंच्या तसं लावता येत नाही. शिवाय आधी झालेली उत्परिवर्तनं मेथिलेशन सुधारल्याने जात नाहीत. त्यामुळे वडिलांनी पूर्वी बरीच वर्षं भरपूर ओढली असेल, तर सोडून आठ वर्षं झाली असली तरी कमी मात्रेच्या सीटी स्कॅनबद्दल छातीच्या डॉक्टरांना जरूर विचारा.