कॅथलिक अध्यात्माचा मुलांच्या शिक्षणाशी खरंच काही संबंध असतो का?

तुम्ही विचारलंय की कॅथलिक शाळांमधलं अध्यात्म म्हणजे सकाळची प्रार्थना आणि भिंतीवरचा क्रूस एवढंच, की मुलं घडवण्यात त्याचा खरंच काही हात असतो. मी वसईचा कॅथलिक, आमच्या चर्चमध्ये रविवारी मिस्सेनंतर, म्हणजे सामुदायिक उपासनेनंतर, नववी-दहावीच्या मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेतो. शाळा चालवणाऱ्या जेझुइट धर्मगुरूंची पद्धत वेगळी आहे, तिच्यात शिरत नाही, मला हे सगळं डॉन बॉस्को या एकोणिसाव्या शतकातल्या इटालियन धर्मगुरूंमुळे उमगलं म्हणून त्यांचंच सांगतो.

इटलीतलं तुरीन, 8 डिसेंबर 1841. डॉन बॉस्को नुकतेच फादर झालेले, मिस्सेची तयारी करत होते आणि थंडीमुळे आत शिरलेल्या एका पोराला चर्चचा सेवक मारून हाकलत होता. त्यांनी त्या पोराला परत बोलवून घेतलं. आईवडील नसलेला, गवंडीकाम करणारा मुलगा. वाचता येतं? नाही. लिहिता? नाही. गाता येतं? नाही. बरं, शिट्टी वाजवता येते का? तेव्हा कुठे तो हसला. मग दोघांनी मिळून मरियामातेची प्रार्थना म्हटली आणि तिथून त्यांचं सगळं काम सुरू झालं.

त्याच सुमारास ते तुरीनच्या तुरुंगात जायचे, तिथे कोवळी कोवळी पोरं बघून त्यांना वाटलं की यांना बाहेर कोणी आपलं माणूस असतं तर ही इथे आलीच नसती. म्हणून त्यांच्या पद्धतीचं सार एवढंच की मूल चुकल्यावर शिक्षा करण्यापेक्षा चुकायच्या आधीच त्याच्याजवळ असायचं. 1877 मध्ये त्यांनी हे लिहून काढलं, विवेक, धर्म आणि माया या तीन गोष्टींवर. धर्म त्यात लपवलेला नाही हेही सांगतो, रोजची मिस्सा आणि कन्फेशन, म्हणजे फादरपुढे पापांची कबुली, यांना ते खांबच मानायचे, पण मुलांवर त्यासाठी जबरदस्ती करायची नाही हेही त्यांनीच लिहिलंय.

आणि हे नुसतं गोड बोलणं नव्हतं हो, पोरांना कामाला लावताना ते मालकाकडून लेखी करार करून घ्यायचे, 1852 चा एक आहे सुतारकामाचा, त्यात उस्तादाने मुलाला शब्दांनीच समज द्यायची, हात उचलायचा नाही, सणाची सुट्टी द्यायची असं लिहिलंय. माझ्या दृष्टीने हा करारसुद्धा त्यांची प्रार्थनाच होती.

त्यांची आई मार्गारिता हीसुद्धा तेवढीच मोठी बाई. आसरा दिलेली आधीची पोरं चादरी-ब्लँकेटं घेऊन पळालेली, तरी 1847 च्या मे महिन्यात पावसात भिजलेला एक मुलगा दारात आला तेव्हा तिने स्वयंपाकघरात विटा आणि फळ्या लावून त्याला झोपायची जागा केली आणि झोपण्याआधी दोन शब्द सांगितले. डॉन बॉस्कोंच्या संस्थांमध्ये रात्री झोपण्याआधी मुलांशी थोडं बोलायची रीत आहे ना, ती तिथली.

मला सगळ्यात जास्त लागलं ते त्यांचं 1884 चं रोमहून लिहिलेलं पत्र. आपल्याच संस्थेत आता शिक्षक मैदानात आपापसात गप्पा मारत फिरतात आणि मुलं कोपऱ्यात उदास बसतात, याचं त्यांना फार दुःख होतं. मुलांवर प्रेम असून भागत नाही, ते त्यांना कळलं पाहिजे, असं त्यात आहे.

ते वाचून मी वर्गाच्या अर्धा तास आधी हॉलवर जायला लागलो. शेवटच्या बाकावर बसणारा एक मुलगा होता, वर्षभर तोंड उघडलं नव्हतं त्याने. त्याच्याशी कॅरम खेळायचो, बाकी काही नाही. तिसऱ्या रविवारी स्ट्रायकर नीट लावता लावता, माझ्याकडे न बघताच म्हणाला, सर, बाबांची नोकरी गेलीय, घरी कोणी कोणाशी बोलत नाही. वर्गात मी त्याला बायबलमधल्या दहा आज्ञा विचारल्या होत्या, घरी कसं चाललंय हे एकदाही नाही.

आता मिस्सेला जायच्या आधीच कॅरम मांडून ठेवतो.