वाचकांचे प्रश्न : ख्रिस्ती श्रद्धासमर्थनाचा अभ्यास कोठून सुरू करावा?

प्रश्न : मी मूळची वसईची असून पुण्यात संगणक क्षेत्रात नोकरी करते. जेवणाच्या सुट्टीत सहकारी कधी गमतीने, कधी मनापासून विचारतात, की देव आहे तर जगात इतके दुःख का, शुभवर्तमाने, म्हणजे बायबलमधील येशूची चरित्रे, घटनांनंतर बऱ्याच वर्षांनी लिहिली गेली तर त्यांवर भरवसा का ठेवावा, आणि येशू मेलेल्यांतून उठला याला पुरावा काय. मी या विषयावरचे इंग्रजी व्हिडिओ पुष्कळ पाहिले. पण एका प्रश्नाचे उत्तर दिले, की त्यावरच्या उपप्रश्नाला मी अडखळते. शिस्तीने अभ्यास करायचा तर सुरुवात कशी करावी?

उत्तर : आपण ज्या विषयाकडे वळू पाहता त्याला इंग्रजीत अपोलॉजेटिक्स म्हणतात, येथे आपण त्याला श्रद्धासमर्थन म्हणू, म्हणजे श्रद्धेवरील आक्षेपांना युक्तिवादाने उत्तर देणे. व्हिडिओ पाहून अडखळायला होते, कारण त्यांत उत्तर बहुधा आधी ठरलेले असते आणि प्रश्न त्या उत्तराच्या मापाने बेतलेला असतो. सहकाऱ्याचा प्रश्न तसा बेतलेला नसतो. म्हणून माझा पहिला सल्ला असा, की उत्तरे गोळा करणे काही काळ थांबवावे आणि आक्षेप मुळातून समजून घ्यावेत. आपल्याकडील शास्त्रचर्चेत पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे, मांडल्याखेरीज सिद्धान्ताकडे जाता येत नसे, आणि प्रतिपक्षाला आपलेच म्हणणे ऐकतो आहोत असे वाटावे, इतक्या सचोटीने तो मांडणे हे विद्वत्तेचे लक्षण मानले जाई. ख्रिस्ती परंपरेतील थोर समर्थकांची रीतही याहून फार वेगळी नाही. सेल्सस या ग्रीक विचारवंताने दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात ख्रिस्ती धर्मावर कडाडून टीका करणारा ग्रंथ लिहिला. इ. स. 248 च्या सुमारास ओरिजेन या ख्रिस्ती विद्वानाने त्याला आठ भागांत उत्तर दिले आणि ते देताना सेल्ससची वाक्ये इतक्या विपुलतेने उद्धृत केली, की मूळ ग्रंथ नष्ट झालेला असूनही त्याचा मोठा भाग आज ओरिजेनच्या पानांतच वाचायला मिळतो. तेराव्या शतकात थॉमस अक्विनास या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने देवाच्या अस्तित्वाचा प्रश्न हाती घेतला, तेव्हा त्यानेही प्रथम दोन आक्षेप नोंदवले : एक जगातील दुष्टाईचा, आणि दुसरा असा, की निसर्गातील घडामोडींचा उलगडा निसर्गातूनच होत असेल तर देव मानण्याचे प्रयोजन उरत नाही. साडेसातशे वर्षांनी आपल्या जेवणाच्या टेबलावर यांतला निदान पहिला आक्षेप जसाच्या तसा येतो आहे.

दुसरा सल्ला असा, की तिन्ही प्रश्न एकदम हाती घेऊ नयेत. मी पुनरुत्थानाचा प्रश्न निवडीन, कारण त्यात तपासून पाहता येतील अशी कागदपत्रे आहेत, आणि ख्रिस्त उठवला गेला नसेल तर आपला उपदेश व्यर्थ आहे, असे स्वतः प्रेषित पौलानेच करिंथ येथील ख्रिस्ती मंडळीला लिहिले आहे. प्रथम मार्ककृत शुभवर्तमान एका बैठकीत वाचावे. सोळाच अध्याय आहेत. शेवटाकडे आल्यावर तळटीप पाहावी. चौथ्या शतकातील सिनाय आणि व्हॅटिकन ही दोन महत्त्वाची हस्तलिखिते सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनापाशी थांबतात आणि पुढची बारा वचने नंतर जोडली गेली असावीत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ही गोष्ट आपल्याला विरोधकाकडून प्रथम कळली तर पायाखालची जमीन सरकते. आपणच शोधून काढली तर ती अभ्यासाचा भाग होते.

त्यानंतर करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय घ्यावा. हे पत्र साधारणपणे इ. स. 53 ते 55 या काळातले मानले जाते, म्हणजे वधस्तंभाच्या घटनेनंतर सुमारे वीस ते पंचवीस वर्षांचे. त्यात ज्यांना ज्यांना येशूचे दर्शन झाले त्यांची यादी पौल देतो आणि ही परंपरा आपल्याला इतरांकडून मिळाली असे सांगतो. अर्थात ती यादी पत्राहूनही जुनी आहे. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात आपण येशूचा शिष्य पेत्र याच्याजवळ पंधरा दिवस राहिलो आणि प्रभूचा बंधू याकोब यालाही भेटलो, असे तो नोंदवतो. आता या पुराव्याची मर्यादा ओळखली पाहिजे. येशू उठला हा विश्वास पुष्कळ पिढ्यांनंतर रचला गेला नाही, आपण त्याला पाहिले असे सांगणारी माणसे अगदी आरंभापासून होती, एवढे यावरून भक्कमपणे म्हणता येते, आणि श्रद्धा नसलेले अनेक इतिहासकारही ते मान्य करतात. त्या माणसांनी नेमके काय पाहिले, हे मात्र केवळ दस्तऐवजांवरून ठरत नाही. तेथे चमत्कार मुळात संभवतो काय हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न उभा राहतो, आणि त्यासाठी तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमचे 1748 मध्ये प्रसिद्ध झालेले चमत्कारांवरील प्रकरण मुळातून वाचण्याला पर्याय नाही. ते लहान आहे. समर्थकांनी केलेला त्याचा सारांश वाचून काम भागवू नये.

येथे एक इशारा देतो. पहिल्या शतकातील ज्यू इतिहासकार जोसेफस याच्या ग्रंथातील येशूविषयीचा उतारा समर्थक मंडळी हुकमी पान म्हणून काढतात. त्या उताऱ्यात ख्रिस्ती लेखनिकांनी भर घातली आहे, याबद्दल आज अभ्यासकांत फारसा मतभेद नाही. वाद आहे तो मूळ मजकूर किती, याचा. संपूर्ण उतारा निःशंकपणे पुढे केला, की जाणकार सहकारी तेथेच आपल्याला पकडील आणि त्यानंतर आपले खरे मुद्देही ऐकून घेणार नाही. रोमन इतिहासकार टॅसिटस याचा उल्लेख त्रोटक असला तरी त्या मानाने निर्वेध आहे : रोमन सुभेदार पिलात याच्या कारकिर्दीत ख्रिस्ताला देहान्त शासन झाले, असे तो सांगतो.

दुःखाच्या प्रश्नाकडे पुढल्या वर्षी वळलात तरी चालेल. तत्त्वज्ञ जे. एल. मॅकी याने 1955 मध्ये असा युक्तिवाद केला, की सर्वशक्तिमान व सर्वथा चांगला देव आणि दुष्टाई या दोन्ही गोष्टी एकत्र मानणे तर्कविसंगत आहे. अॅल्विन प्लँटिंगा याने 1974 मध्ये माणसाच्या इच्छास्वातंत्र्याच्या आधारे त्याला दिलेले उत्तर अनेक तत्त्वज्ञांना पुरेसे वाटले. पण इतके आणि असे निरर्थक दिसणारे दुःख देवाचे अस्तित्व असंभाव्य ठरवते, हा विल्यम रो याचा 1979 मधील आक्षेप त्या उत्तराने मिटत नाही. शिवाय विचारणाऱ्याच्या घरी नुकताच मृत्यू झालेला असेल, तर यांतले काहीही बोलू नये. बायबलमधील ईयोबाच्या पुस्तकात, दुःखात बुडालेल्या ईयोबाला समजावणाऱ्या मित्रांची भाषणे पानोपान आहेत, आणि ते आपल्याविषयी यथार्थ बोलले नाहीत असे अखेरीस देवच त्यांना सुनावतो.

प्रवेशासाठी एकच पुस्तक सुचवा असे कोणी म्हटले, तर सी. एस. लुइस यांचे ‘मियर ख्रिश्चॅनिटी’ मी अजूनही सुचवतो. महायुद्धाच्या काळातील रेडिओ भाषणांतून ते सिद्ध झाले आणि 1952 मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले. मात्र येशू एकतर लबाड, नाहीतर वेडा, नाहीतर प्रभू, हा त्यातील प्रसिद्ध त्रिविकल्प पाठ करू नये. शुभवर्तमानांतील येशूचे उद्गार त्याचेच कशावरून, हा चौथा पर्याय त्यात गृहीतच धरलेला नाही, आणि आपल्या सहकाऱ्याचा दुसरा प्रश्न नेमका तोच आहे. लुइससोबत बर्ट्रांड रसेल यांचे ‘मी ख्रिस्ती का नाही’ या विषयावरील 1927 मधील व्याख्यानही वाचावे.

प्रश्न : मी नाशिक येथे तत्त्वज्ञानात एम. ए. करीत आहे आणि ख्रिस्ती नाही. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी आपल्याकडे जे वाद केले ते समर्थनापेक्षा परधर्मनिंदेकडे झुकलेले वाटतात. माझ्यासारख्याने या विषयात काय पाहावे?

उत्तर : आपला आक्षेप बराचसा रास्त आहे. जॉन विल्सन या मिशनऱ्यांनी 1831 मध्ये मुंबईत हिंदू पंडित मोरभट्ट दांडेकरांशी जाहीर वाद केला आणि पुढल्या वर्षी पुस्तक काढले. त्याच्या शीर्षकातच हिंदू धर्माचे पितळ उघडे पाडण्याची भाषा आहे. मागे राज्यसत्ता इंग्रजांची असताना अशा वादात दोन्ही बाजू समान पातळीवर होत्या, असे म्हणता येणार नाही. तथापि त्याच पुस्तकात विल्सन यांनी भट्टांच्या निबंधाचे भाषांतर आरंभी छापले, हेही नोंदवले पाहिजे, कारण त्यामुळे दोन्ही बाजू शेजारी ठेवून वाचता येतात. पुढे 1857 मध्ये हिंदू धर्माचे कैवारी विष्णुबावा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जे वाद घातले त्यांचेही वृत्तांत छापले गेले. युक्तिवाद कोठे संपतो आणि टोमणा कोठे सुरू होतो, हे शिकायला ही जोडी उत्तम आहे.

पण मी आपल्याला आधी नीलकंठशास्त्री गोरे यांच्याकडे पाठवीन. काशीत वाढलेल्या या कोकणस्थ पंडिताने, जॉन म्यूर यांच्या, ख्रिस्ती धर्माची बाजू मांडणाऱ्या ‘मतपरीक्षा’ या संस्कृत ग्रंथाला उत्तर म्हणून 1844-45 च्या सुमारास, म्हणजे ऐन विशीत, ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहून हिंदू शास्त्रांचा कैवार घेतला. पुढे 1848 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, त्यांनी नेहेम्या हे नाव धारण केले, आणि 1860 मध्ये ‘षड्दर्शन दर्पण’ हा हिंदी ग्रंथ लिहून त्याच दर्शनांची परीक्षा केली. त्यांचे निष्कर्ष मान्य असोत वा नसोत, दोन्ही पक्षांकडून जबाबदारीने लिहिलेला असा अभ्यासक क्वचित सापडतो, आणि दर्शनांची परिभाषा त्यांना आतून अवगत होती. विल्सन यांच्या लेखनात हे सापडत नाही.

तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी म्हणून आपल्याला आणखी एक काम करता येईल. न्यायदर्शनातील उदयनाचार्यांची ‘न्यायकुसुमांजली’ आणि ख्रिस्ती तत्त्वज्ञ विल्यम लेन क्रेग यांनी 1979 मध्ये पुन्हा पुढे आणलेला, मध्ययुगीन मुस्लिम विचारवंत अल-गझालीचा देवाच्या अस्तित्वाविषयीचा युक्तिवाद शेजारी ठेवून पाहा. दोन्ही ठिकाणी कार्यावरून कर्त्याकडे जाणे आहे. परंतु गझालीचा भर विश्वाला आरंभ आहे यावर आहे, तर न्यायमतात परमाणू नित्य असल्याने ईश्वर त्यांची रचना करतो, शून्यातून निर्मिती करीत नाही. त्यामुळे उदयनाचार्यांचा युक्तिवाद जसाच्या तसा उचलून ख्रिस्ती सृष्टिकल्पनेला जोडता येत नाही, आणि कोणी जोडू लागला तर त्याला अडवण्याची तयारी आपल्यापाशी असेल.

प्रश्न : या अभ्यासासाठी ग्रीक आणि हिब्रू शिकणे आवश्यक आहे काय? मराठीतून कितपत भागते? (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : पहिल्या दोन-तीन वर्षांत आवश्यक नाही. बायबल सोसायटीचे मराठी भाषांतर आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ समोरासमोर ठेवावे. जेथे दोहोंत लक्षणीय फरक दिसेल तेथे खूण करावी आणि तेवढ्यापुरती बायबलवरील भाष्यग्रंथांची मदत घ्यावी. आक्षेप मनात कसे घोळतात हे मराठीत वाचायचे असेल, तर बाबा पदमनजी यांचे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र आहे. तत्त्वज्ञानाच्या बाजूसाठी मात्र इंग्रजीला तूर्त इलाज नाही.